अंबरनाथच्या टेबलावर समुद्राचा तळ

माझी सगळी नोकरी समुद्राच्या तळाशी गेली, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग पत्ता विचारतात. पत्ता अंबरनाथ पूर्व. आमच्याकडे वालधुनी आहे, चिखलोलीचं धरण आहे, पण समुद्र बघायचा तर मुंबई गाठावी लागते. तरीही अरबी समुद्राच्या तळाचा चिखल मी जितका हाताळलाय तितका किनाऱ्यावर जन्म काढलेल्यांनीही हाताळला नसेल.

हा चिखल आमच्याकडे टेम्पोने यायचा. एमआयडीसीत रंगाचा कारखाना आणि फाउंड्री यांच्या मधल्या गाळ्यात आमची माती तपासायची लॅब होती. बंदरावरून निघालेला टेम्पो मेणाने तोंडं बंद केलेल्या लोखंडी नळ्या घेऊन यायचा. मेण खरवडून नळी यंत्रावर आडवी लावली की आतला चिखल काळपट हिरव्या वळकटीसारखा हळूहळू टेबलावर उतरायचा, आणि त्याच्यासोबत वास. शिफ्टला जाणारे फाउंड्रीतले लोक आमच्या दारासमोर आले की नाकाला रुमाल लावायचे. ज्या एमआयडीसीत माणसं कसल्याही वासाला सरावलेली असतात, तिथे आमच्या वासाची तक्रार होते याचा मला थोडा अभिमानच वाटायचा.

हा सगळा उद्योग कशासाठी, ते आधी सांगते. समुद्रात तेलाची विहीर खणायची तर खणणारं यंत्र कशावर तरी उभं राहायला हवं. त्यातला एक प्रकार म्हणजे तीन पायांची रिग. प्रचंड मोठी तिपाई डोळ्यांसमोर आणा, पण ही तिपाई होडीसारखी तरंगते. टगबोटी तिला ओढत जागेवर नेतात तेव्हा तिचे पाय आकाशात उंच गेलेले असतात. जागा आली की पाय खाली सोडतात, ते तळाला टेकतात, आणि मग रिग स्वतःच्याच पायांवर चढत पाण्याच्या वर येते. प्रत्येक पायाला खाली पोलादी बूट असतो. आमच्या चाळीतल्या दोन खोल्या आत सहज मावतील एवढा रुंद. वर शंभरेक माणसं राहतात. खणणारे, वेल्डर, क्रेनवाले, स्वयंपाकी, डॉक्टर. त्या तीन बुटांखालची जमीन काय करते, यावर त्या सगळ्यांचं घरी परत जाणं अवलंबून.

माझं काम दोन भागांत होतं. रिग जायच्या आधी त्या जागेची माती तपासून ती किती वजन पेलेल ते सांगायचं. आणि रिग उभी राहिली की तिच्यावर नजर ठेवायची. पाय खचतोय का, प्रवाहामुळे बुटांखालची वाळू वाहून जातेय का, रिग एका अंगाला कलतेय का. जमिनीवरच्या इमारतीचा पाया उघडून बघता येतो. आमचा पाया पाण्याखाली, आणि पाण्याखाली पुन्हा चिखलात. त्यामुळे वरच्या बारीकसारीक हालचालींवरून खालचं ओळखायचं.

गावात माझ्या कामाचा गवगवा झाला तो मात्र रिगमुळे नाही, तर वांगणीच्या एका बिल्डरमुळे. हा गृहस्थ एक दिवस लॅबमध्ये आला तो साडीच्या दुकानाच्या पिशवीत प्लॉटची माती भरून. म्हणाला, मॅडम, तुम्ही समुद्राची टेस्ट करता ना, मग आमच्या बिल्डिंगला पण समुद्राचीच टेस्ट लावा, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगता येईल. मी त्याला समजावलं की पिशवीतल्या मातीवरून काही कळत नाही, जागेवर यावं लागेल. गेले. वर मुरूम छान दाबून बसवलेला होता, आणि खाली होतं भाताचं खाचर, ओलं, मऊ, जसंच्या तसं झाकलेलं. मी म्हटलं, तुमच्या प्लॉटची आणि समुद्राच्या तळाची तब्येत सारखी आहे. ते त्याला अजिबात आवडलं नाही. पण त्याने पायलिंग केलं, म्हणजे खालच्या घट्ट थरापर्यंत खांब उतरवले. ती इमारत आज सरळ उभी आहे, आणि तिथले रहिवासी फक्त पाण्याच्या प्रेशरवरून भांडतात. वर कडक, खाली मऊ. माझ्या धंद्यातली सगळ्यात वाईट जमीन हीच. आणि माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा प्रसंग अशाच जमिनीवर घडला, फक्त तिच्यावर अरबी समुद्र होता.

तेव्हा बदलापूरला टॉवर उठायला नुकती सुरुवात झाली होती आणि लॅबमध्ये प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता. काम असं होतं, की समुद्रातल्या एका जुन्या, कायम उभ्या असलेल्या प्लॅटफॉर्मला जवळजवळ चिकटून एक रिग उभी करायची आणि नवी विहीर खणायची. दोघांमध्ये अंतर फार थोडं. त्या प्लॅटफॉर्मवर वायूच्या पाइपलाइनी येत होत्या. रिग त्या अंगाला कलली असती तर काय झालं असतं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

रिग उभी राहणार त्या जागेच्या मध्यावर तळात एक बोअर घेतला होता. त्याच्या नळ्या आमच्याकडे आल्या. नळ्या उघडायचं काम कांबळेंचं. ते लॅबमधले जुने तंत्रज्ञ, माझ्याहून वयाने मोठे, मला वंदनाताई म्हणायचे. त्यांनी यंत्र सुरू केलं. वरचा चिखल नेहमीसारखा सरकत आला. मग यंत्र कण्हायला लागलं. आत शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने घट्ट बांधली जाऊन झालेला, बिस्किटासारखा थर होता. दोन-तीन नळ्या मिळून माणसाच्या उंचीएवढा. तो संपला आणि पुढची माती एकदम सुटून बाहेर आली, लोण्याइतकी मऊ. मी बोट लावलं तर पेरभर आत गेलं.

कढवलेल्या दुधावरची जाड साय आठवा. तिच्यावर चमचा ठेवला तर राहतो. थोडा दाबला तरी राहतो. अजून दाबला की साय फाटते आणि चमचा खाली जातो. रिगच्या पायाचं तसंच होतं. कडक थरावर बूट छान टेकतो, सगळ्यांना वाटतं काम झालं. मग वजन वाढतं, थर फुटतो आणि पाय काही सेकंदांत कितीतरी मीटर खाली जातो. बाकीचे दोन पाय मात्र वरच राहतात. मग रिग वाकडी होते, पाय पिळवटतात. जगात अशा रिगा आडव्या झाल्या आहेत.

मी गणित केलं. मध्यावरचा थर वजन पेलत होता, फार उदारपणे नाही, पण पेलत होता. मात्र रिग मध्यावर उभी राहत नाही, ती तीन कोपऱ्यांवर उभी राहते. मी काम देणाऱ्या तेल कंपनीकडे आग्रह धरला की प्लॅटफॉर्मच्या बाजूच्या पायाखाली अजून एक बोअर घ्या. त्यांच्या मुंबई ऑफिसातल्या प्रकल्पप्रमुखांना ते जास्तीचं वाटलं. पण बोअर घेणारं जहाज अजून तिथेच होतं, आणि मी रोज फोन करत होते. शेवटी त्यांनी घेतला, बहुधा माझा फोन बंद व्हावा म्हणून. त्या नळ्या आल्या आणि आम्ही उघडल्या. इथे थर निम्माच होता.

आता जागा बदलता येत नव्हती, कारण विहीर तिथेच हवी होती. माझं म्हणणं असं होतं, की हा थर फुटणार आहे असं धरूनच चला. फुटू द्या, पण आपल्या सोयीने. रिग उभी करताना तिच्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरून तिचं वजन मुद्दाम वाढवतात. वादळात पायांवर जितका भार येईल तितका आधीच टाकून बघतात. पाय तो सोसून स्थिर राहिले की पाणी सोडून द्यायचं आणि रिग पूर्ण उंचीवर न्यायची. हे वजन टाकताना रिगचं पोट पाण्याला टेकलेलं ठेवा, असं मी सुचवलं. आणि एका वेळी एकाच पायाची टाकी भरा. म्हणजे पाय गेलाच, तर रिग पडणार नाही, पाण्यावर बसेल. होडीच ती शेवटी.

ऑफिसने मान डोलावली. पण समुद्रात ऑफिसचं चालत नाही, कॅप्टनचं चालतं. म्हणून मी ठरवलं की आपण जायचं.

तोवर त्या रिगवर कामासाठी बाई गेलेली नव्हती. आमचे साहेब भला माणूस, पण त्यांनी आधी दुसऱ्याच कोणाचं नाव सुचवलं. मी म्हटलं, ती माती मी बघितली आहे, तिच्याबद्दल कोणी वाद घातला तर उत्तर मला द्यायचंय. मग रिगवरून निरोप आला की बायकांसाठी खोली नाही. मी कळवलं, खुर्ची चालेल. शेवटी दवाखान्याच्या खोलीतली एक खाट मला द्यायचं ठरलं.

त्याआधी हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं, याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. तलावात एका पिंजऱ्यात पट्टे बांधून बसवतात आणि पिंजरा पाण्यात उलटा करतात. उलटं लटकत, श्वास रोखून, पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर यायचं. मी पोहायला उल्हासनगरच्या तरणतलावात शिकले होते, मोठ्या वयात, लहान मुलींच्या बॅचमध्ये. पहिल्या वेळी माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. दुसऱ्या वेळी मी बाहेर आले तेव्हा शिकवणारा माणूस म्हणाला, बस झालं. मी म्हटलं, अजून एकदा. मला कांबळेंनाही सोबत न्यायचं होतं. ज्या तळाची माती त्यांनी हयातभर हाताळली तो समुद्र त्यांनी वरून तरी बघावा, असं मनात होतं. पण वैद्यकीय तपासणीत त्यांचा रक्तदाब जास्त निघाला आणि त्यांना परवानगी मिळाली नाही. त्यांनी मला ते हसत सांगितलं. मला ते आजही लागतं.

घरी बाबांना सगळं समजावून सांगितलं. ते केमिकल कंपनीत बॉयलरवर होते, धोका म्हणजे काय ते त्यांना कळायचं. त्यांनी पाय, बूट, साय, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की वाईट झालंच तर तिथे तुझं ऐकणारा कोण आहे. मी म्हटलं, ते तिथे जाऊनच कळेल.

सोबत मला तीन डबे न्यायचे होते. रिगच्या तीन कोपऱ्यांवर बसवायचे, कल मोजणारे. आतलं यंत्र नाजूक, आणि समुद्रावरची खारी हवा अशी की प्लॅस्टिकचे डबे आठवड्यात दगा द्यायचे. मी स्टेनलेस स्टीलचे डबे करून घेतले होते, उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, लछमनदास शेठच्या वर्कशॉपमध्ये. एका बाजूला बटणांचं दुकान, दुसऱ्या बाजूला पडद्यांचं, आणि मध्ये यांचं लेथ. शेठ मला पुट म्हणायचे. सिंधीत लेकराला म्हणतात तसं. डब्यात पाणी शिरत नाही हे तपासायची त्यांची रीत अशी, की आत एक भाजलेला पापड ठेवायचा, झाकण आवळायचं आणि डबा मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर झाकण उघडलं, पापडाचा तुकडा मोडून कानाजवळ नेला, आवाज ऐकला आणि उरलेला माझ्या हातात दिला. कुरकुरीत होता. अशी तपासणी मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही, पण मला ती पटली.

हेलिकॉप्टरमधून रिग पहिल्यांदा दिसली तेव्हा ती टगबोटींच्या मध्ये तरंगत होती, पाय वर, आणि शेजारी तो जुना प्लॅटफॉर्म. वरून दोघांमधलं अंतर अजूनच कमी वाटलं. मी खाली उतरले. दवाखान्याच्या खोलीत सामान ठेवलं. तिथला डॉक्टर संकोचाने म्हणाला, पेशंट आला तर तुम्हाला उठावं लागेल. मी म्हटलं, मी काम नीट केलं तर पेशंट येणार नाही.

कॅप्टनचं नाव मुकादम. रत्नागिरीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या जहाजावरचीच माणसं. आवाज चढवायचे नाहीत, पण बोलणं संपवायची घाई नेहमी असायची. माझे डबे त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितले आणि कुठले म्हणून विचारलं. उल्हासनगर म्हटल्यावर ते हसले. त्यांच्या घरी उल्हासनगरचा मिक्सर होता म्हणे, आणि तो चटणीपुरता टिकला होता. मी डबे बसवले, तारा ओढल्या, नियंत्रण खोलीत माझा कॉम्प्युटरचा पडदा लावला. तीन कोपऱ्यांचे तीन आकडे.

पाय खाली सोडले, तळाला टेकले. रिग पाण्यातून जेमतेम वर आली. आणि मग वाद झाला.

कॅप्टनचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी आज मोकळेपणाने सांगते. नैर्ऋत्येकडून लांब लाटा यायला लागल्या होत्या. पाय जमिनीत रुतलेले आणि पोट लाटांवर, अशा अवस्थेत रिग ठेवली तर प्रत्येक लाट तिला खालून ठोसा मारते आणि तो मार पायांना बसतो. म्हणून त्यांना रिग आधी चांगली उंच न्यायची होती आणि मग टाक्या भरायच्या होत्या. मला ती खालीच हवी होती. ते बघत होते लाटेकडे, मी तळाकडे. दोन्हीकडे धोका होता. पण लाटेचा धोका दिसत होता आणि माझा दिसत नव्हता.

मी आकडे सांगितले. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, आकडे सगळेच आणतात. तेव्हा मी खोलीत गेले आणि पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेल्या दोन वस्तू घेऊन आले. एक, त्या कडक थराचा तुकडा. दुसरी, त्याच्या लगेच खालची माती. दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. तुकडा त्यांनी टेबलावर आपटून बघितला. खणखणीत होता. मग मातीवर अंगठा ठेवला. अंगठा आत गेला. त्यांनी तो बाहेर काढला, पुसला नाही, तसाच बघत राहिले.

"हे आपल्या पायाखालचं आहे?"

"प्लॅटफॉर्मच्या बाजूच्या पायाखालचं. बूट आत्ता त्या तुकड्यावर उभा आहे."

"आणि उंच नेऊन तो गेला तर?"

"तर आपण त्यांच्यावर जाऊ," मी खिडकीबाहेरच्या प्लॅटफॉर्मकडे बोट दाखवून म्हटलं. "पाण्यावर असताना गेला तर पाण्यावर बसू."

कॅप्टननी हवामानाचा अंदाज मागवला, मला विचारलं की लाट थोडी पडेपर्यंत थांबायला माझी माती तयार आहे का. मी म्हटलं, माती कितीही थांबेल, ती हजारो वर्षं थांबली आहे. त्यांनी पाय उचलून रिग पुन्हा तरंगती ठेवायचा हुकूम दिला. मुंबई ऑफिसमधून फोन आला असावा, कारण दार लावून ते मोठ्या आवाजात बोलल्याचं ऐकू आलं. मला फक्त शेवटचं वाक्य कळलं. ते म्हणत होते की जहाज माझं आहे.

लाटा बसायला वेळ लागला. त्या काळात रिगवरच्या लोकांनी माझ्याकडे जरा रागानेच बघितलं. काम अडवून बसलेली अंबरनाथची बाई, एवढीच माझी ओळख. जेवणघरात मी बसले की टेबल रिकामं व्हायचं. मी आमटी-भात खायचे आणि पडद्यासमोर जाऊन बसायचे.

मग एका सकाळी समुद्र तेलासारखा संथ झाला. पाय पुन्हा खाली गेले. रिग टेकली, पोट पाण्याला लागलेलं. आधी पुढच्या पायाची टाकी भरली. पाय थोडा रुतला आणि थांबला. त्याचं पाणी सोडून दुसऱ्याची भरली. तोही थांबला. मग प्लॅटफॉर्मच्या बाजूचा पाय. मी टप्प्याटप्प्याने पाणी घ्यायला सांगत होते. प्रत्येक टप्प्याला थांबायचं, आकडा बघायचा, पुढे जायचं. निम्म्याहून जास्त भरलं तरी सगळं ठीक होतं. खोलीतल्या एकाने जांभई दिल्याचं मला आठवतं.

मग त्या कोपऱ्याचा आकडा हलला. अगदी थोडा. आधी मला वाटलं लाटेमुळे असेल, पण लाटेचा आकडा जातो आणि परत येतो. हा परत येत नव्हता.

"पंप बंद करा," मी म्हटलं.

पंप बंद झाले. आकडा थांबला नाही. पाणी वाढत नव्हतं तरी तो सरकत होता. म्हणजे खालचा थर फाटायला लागला होता. मी कॅप्टनना तसं सांगितलं. त्यांनी क्षणही न घालवता माइक उचलला आणि सगळ्यांना कठडे आणि खांब धरायला सांगितलं. त्यांचं बोलणं संपतंय तोवर खालून एक आवाज आला. ऐकू आला म्हणण्यापेक्षा तळपायांना कळला. आणि प्लॅटफॉर्मच्या बाजूचा कोपरा खाली गेला.

खुर्ची माझ्याखालून निघून गेली. मी टेबलाचा पाय धरला. फाइली, फोन, कोणाचं तरी हेल्मेट, सगळं एका अंगाला घसरलं. मग पोटाखालून पाण्याचा जोरदार धपका बसला, रिग दबली, पुन्हा वर आली, एकदा डोलली. आणि थांबली.

थांबली. मी पडद्याकडे बघितलं. कल होता, पण वाढत नव्हता. पाय थर फोडून खूप खाली गेला होता आणि रिग पाण्यावर बसली होती, तिरपी, पण शांत. शेजारचा प्लॅटफॉर्म खिडकीत जिथल्या तिथे होता.

कॅप्टननी माणसांची मोजणी मागितली. एकेका विभागाचा आवाज येत गेला. डेक ठीक. इंजिन रूम ठीक. क्रेन ठीक. जेवणघरातून आवाज यायला जरा वेळ लागला. मग मुख्य स्वयंपाकी बोलला. माणसं सगळी ठीक आहेत, म्हणाला, पण आमटीचं पातेलं गेलं, आता दुपारी फक्त सुका भात मिळेल, आणि हे जेवणाच्या वेळेला करायचं कोणी ठरवलं ते मला कळायला हवं. खोलीत सगळे एकदम हसायला लागले. इतकं की एकाला खाली बसावं लागलं.

कॅप्टन हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले, मला हात देऊन उठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी हिला वर नेणार होतो."

"तुम्ही नेली नाहीत," मी म्हटलं. त्या दिवशी याहून खरं असं काही नव्हतं.

पुढचं काम मेहनतीचं होतं, पण सोपं. पाय आता मऊ माती पार करून खालच्या टणक मातीत बसला होता. मला तो तिथेच हवा होता. एक पाय खोल आणि दोन वर राहू नयेत म्हणून उरलेल्या दोन पायांनाही आम्ही तसंच, पाण्यावर राहून, एकेक करून, आधीपेक्षा जास्त पाणी भरून, थर फोडून खाली नेलं. एकदा कळलं की भीती कशाची आहे, मग माणसं किती सुरेख काम करतात. जे लोक माझ्या टेबलावरून उठून जायचे तेच आता येता-जाता पडद्यात डोकवायचे आणि आपल्या कोपऱ्याचा आकडा विचारायचे. शेवटी तिन्ही पायांवर पूर्ण वजन टाकलं आणि आकडे दगडासारखे स्थिर राहिले. कॅप्टननी पाणी सोडायला सांगितलं, आणि रिग चढायला लागली. सरळ, हळूहळू, पाणी गाळत. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरचे लोक कठड्याशी जमले होते. दोन दिवसांपूर्वी, आमचा पाय गेला तेव्हा, हेच लोक लाइफ जॅकेट घालून लाइफबोटींपाशी उभे होते. रिग पूर्ण उंचीवर आली तेव्हा त्यांनी त्यांचा भोंगा वाजवला, लांबच लांब. आमच्या क्रेनवाल्याने आपला वाजवून उत्तर दिलं. मी डेकवर उभी होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते वाऱ्यामुळे आलं असं कोणाला सांगायच्या भानगडीत पडले नाही.

परत निघताना कॅप्टननी माझे डबे काढू दिले नाहीत. हे इथेच राहू देत, म्हणाले, आणि अजून किती करून मिळतील ते विचारा त्या शेठना.

डबे तिथे राहिले म्हणून त्यांचे आकडे रोज आमच्याकडे येऊ लागले. जूनअखेर समुद्रावर मोठं वादळ उठलं. अंबरनाथलाही असा वारा होता की फाउंड्रीचे पत्रे वाजत होते. त्या दुपारी लॅबमध्ये रिगवरून फोन आला. मी घेतला तर आधी नुसता घोंघावणारा आवाज. कॅप्टननी रिसीव्हर दाराबाहेर धरला होता. मग दार लावून ते बोलले.

"ऐकलंत? अशी लाट मी बऱ्याच वर्षांत बघितली नाही. खाली पोरं कॅरम खेळतायत. स्ट्रायकर थोडा थरथरतो. सोंगट्या जागच्या जागी आहेत."

मी त्यांना म्हटलं, एक मिनिट, हेच तुम्ही आमच्या कांबळेंना सांगा. मी रिसीव्हर कांबळेंच्या हातात दिला. त्यांनी चिखलाचे हात घाईघाईने ॲप्रनला पुसले आणि तो कानाला लावला. पलीकडून कॅप्टन काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी पुन्हा दार उघडलं असावं, कारण कांबळेंनी डोळे मिटून घेतले आणि ते बराच वेळ समुद्र ऐकत उभे राहिले.